तात्यांचं स्वतःचं छप्पर

आमच्या केडगावच्या गल्लीत कुणी स्लॅबसाठी पत्रे काढायला छपरावर चढलं, की तात्या खालून शिडीच काढून घेतात. "कागद पयला, पत्रा मागून!" मग स्लॅबला महापालिकेची परवानगी कशी काढायची, नकाशावर सही कुणाची, तपासणी कधी, हे सगळं सांगून होईपर्यंत वरच्याला ऐकण्यावाचून इलाज नसतो.

तात्या एसटीत कंडक्टर होते. तरी महापालिकेत त्यांना खुर्ची मिळते. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, तिथला एक कारकून माझाच विद्यार्थी, आणि मला मिळतं "नंतर या". सांगायला लाज वाटते, पण मी या माणसावर जळतो.

माझ्या स्लॅबची परवानगीही तात्यांनीच आणली. ओतण्याआधी लोखंड तपासायला इंजिनियर साहेब आले, ते माझ्याच अंगणात तात्यांना नमस्कार करून तात्यांशीच बोलत बसले. वर आमची ही म्हणाली, "तात्या होते म्हणून हो! तुम्ही नुसते चहाचा ट्रे धरून उभे." रात्रभर माझा जळफळाट.

मग एकदा नव्या स्लॅबवर पापड वाळत घालायला गेलो आणि शेजारचं तात्यांचं छप्पर वरून दिसलं. पत्र्यांची गंजून चाळण झालेली, वर प्लॅस्टिक, त्यावर विटा आणि जुने टायर. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. पापड तसेच टाकून त्यांचं दार गाठलं.

"काय तात्या, गल्लीला कागद पयला, आणि तुमचा कुठाय?"

त्यांनी निमूट पेटीतून फाईल काढली. नकाशापासून सगळं नीटनेटकं. फक्त वारस नोंदीच्या अर्जावर तात्यांची सही नव्हती.

"घर सुमनच्या नावावर हाय," ते म्हणाले. सुमनवहिनींना जाऊन सहा वर्षं झाली. "तिचं नाव कमी करून माझं लावल्याबिगर परवानगी न्हाई. तीनदा गेल्तो, गुरुजी. खुर्ची दिली, च्या दिला. सही तेवढी माझ्या हातनं झाली न्हाई."

मी फाईल मिटली.

"महापालिकेचा मानूस घरपट्टीचा कागद घिऊन येतो, दारातनं इचारतो, सुमनबाई हायेत का? मी म्हनतो, हायेत. आत हायेत."

बायकोच्या बाबतीतही हा माणूस माझ्यापुढंच निघाला.

दुसऱ्या दिवशी नवं प्लॅस्टिक घेऊन मीच त्यांच्या छपरावर चढलो. खाली बघितलं. तात्या दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभे होते.