कर्जतची मंडळी

शमुवेलकाकांकडून पुस्तक विकत घ्यायचं तर आधी त्यांना जीभ दाखवावी लागे. थट्टा नाही. देवळाली प्रवऱ्याच्या आठवडी बाजारात मिरच्यांचे ढीग आणि दोरखंडवाला यांच्या मधल्या जागेत काका सतरंजी अंथरून बसत. पुढ्यात ख्रिस्ती पुस्तकं मांडलेली असत. प्रार्थनेवरची, श्रद्धेवरची, संसारात राहून देवाशी आणि शेजाऱ्याशी कसं वागावं यावरची. कुणी एखादं उचललं की काका चष्म्याच्या वरून बघत आणि म्हणत, "अगोदर जीभ दाखवा."

बिचारा माणूस बावचळून जीभ काढायचा. काका ती वैद्यासारखी निरखायचे. "हं. घरात फार चालते ही." मग पुढची तपासणी. झोप लागते का? भावाशी बोलणं आहे का? मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवता का? एवढं झाल्यावर त्यानं उचललेलं पुस्तक काढून घ्यायचे आणि भलतंच हातात ठेवायचे. "हे घ्या. रोज जेवणाआधी एक पान. जास्त घेऊ नका, बाधेल."

बेलापूरच्या एका बागायतदाराला त्यांनी सहनशीलतेवरचं पुस्तक विकायला साफ नकार दिला, तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन तिथंच उभी होते. "तुम्ही हे घरी बायकोला वाचायला देणार," काका म्हणाले. "तिला त्याची गरज नाही. तुम्ही हे रागावरचं घ्या." तो गृहस्थ असा तापला की मिरचीवाली उठून उभी राहिली. पण पुस्तक घेऊन गेला. पुढच्या बाजाराला परत हजर.

"काका, पयलं पान झालं."

"पचलं का?"

"न्हाई."

"मग तेच परत घ्या."

अशा दुकानदारीवर दुकान कसं चालत होतं ते देव जाणे. काकांच्या मते तोच चालवत होता.

मी त्या वर्षी नगरहून देवळालीच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले होते. खोली मिळाली ती ख्रिस्ती वस्तीत, काकांच्या खोलीला लागून. आमच्या घरी खंडोबाचे टाक आणि चंपाषष्ठीचं भरीत, त्यामुळे तिथली भाषा मला नवी होती. म्हणजे शब्द ओळखीचेच, पण वेगळ्या कामाला लावलेले. पहिल्याच संध्याकाळी काका ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "बाई, आमची मंडळी फार जुनी बरं का."

आमचे वडील आईला 'आमची मंडळी' म्हणतात. मी आदरानं विचारलं, "हो का? तब्येत कशी असते त्यांची?"

"मध्यंतरी जरा फुटली होती. आता हळूहळू सांधतेय."

मला वाटलं, पाय मोडला असणार. मी म्हटलं, नगरला आमच्या ओळखीचा एक हाडवैद्य आहे, लेप फार चांगला लावतो. काका आधी माझ्याकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. 'मंडळी' म्हणजे ख्रिस्ती लोकांचा जमाव, चर्च, हे मला त्या दिवशी कळलं. पुढचे कित्येक दिवस काका वस्तीत सगळ्यांना सांगत सुटले की नव्या बाई मंडळीला लेप लावायला निघाल्यात.

त्यांच्याजवळ मंडळीच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यातलं ते मला रोज थोडंथोडं सांगत. कोण कुणाशी भांडलं, कुणी वेगळी चूल मांडली, कुणी कुणाला बाहेर काढलं. इतकी भांडणं ऐकून मी एकदा म्हटलं, "काका, हे तर आमच्या भाऊबंदकीसारखंच झालं." ते खूश झाले. "तेच तर! माणसंच ती. देवानं तरीसुद्धा सोडली नाहीत."

पुस्तक हातात असलं की काका असं पुस्तकी बोलत. खाली ठेवलं की गावरान.

समोरच्या रूथमावशीनं मला बाकीचं सांगितलं. मावशी वस्तीतली सुईण. तिला सगळ्यांचं सगळं ठाऊक. काकांची दुसऱ्या अर्थाची मंडळी, म्हणजे त्यांच्या पत्नी मार्थाबाई, कैक वर्षांपासून नगरच्या पलीकडच्या कर्जतला भावाकडे राहत होत्या. आणि भांडण कशावरून, तर मंडळीच्या इतिहासावरून! आमच्या भागात दोन वेगवेगळ्या मिशनांची माणसं. काका एका मिशनचे, मार्थाबाईंचं माहेर दुसऱ्याचं. एकदा जेवायला पाहुणे असताना काका फुशारकीनं म्हणाले, "आमचं मिशन म्हणजे खोड, आणि हिच्या माहेरचं ती फांदी." मार्थाबाईंनी हातातली भाकरी परातीत ठेवली. "खोड हाय खरी तुमची," त्या म्हणाल्या. "आता त्या खोडालाच भाकरी थापायला सांगा." दुसऱ्या दिवशी त्या एसटीत बसल्या.

"अन् काका आणायला गेले नाहीत?" मी विचारलं.

"जातोय की. दर म्हयन्याला," मावशी म्हणाली. "पर पुस्तकं घिऊन जातो मेला."

कर्जतच्या बाजारात काका मेव्हण्याच्या घरासमोर सतरंजी टाकत. तिथं एक पुस्तक खपत नसे. संध्याकाळी उठताना ते मार्थाबाईंच्या उंबऱ्यावर क्षमेवरचं एखादं पुस्तक ठेवून येत. रोज एक पान, असा निरोपही देत. पुढच्या खेपेला पुस्तक तसंच परत मिळे.

एकदा ते असेच परतले. ओट्यावर गाठोडं टाकलं आणि गप्प बसून राहिले. जीभ तपासणारा हा माणूस स्वतः इतका गप्प मी पाहिला नव्हता. मला राहवेना. मी विचारलं, "काका, बायकोशी अबोला असलेलं गिऱ्हाईक आलं, तर त्याला कुठलं पुस्तक देता?"

काकांनी गाठोडं सोडलं. एकेक पुस्तक उचलून बघितलं, परत ठेवलं. शेवटी म्हणाले, "त्याला पुस्तक देत न्हाई, बाई. त्याला यष्टीचं भाडं देतो."

त्याच आठवड्यात, तिकडचा बाजार नसताना, काका कर्जतला जाऊन आले. काय झालं ते बोलले नाहीत. मावशीनं आडूनआडून विचारलं, पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या वस्तीतल्या धर्मगुरूंनी, सरळसरळ विचारलं. काका म्हणाले, "भाकर खाल्ली." बस्स. त्यावरून कुणाला काय कळणार?

दुष्काळाचं ते साल. एका शुक्रवारी मावशी आणि मी रेशनचा मिलो, ती लाल परदेशी ज्वारी, घेऊन येत होतो. स्टँडवरून गाडी सुटत होती. ओळखीच्या कंडक्टरनं दारातून ओरडून सांगितलं, "ओ मावशी! सामेलकाकांना निरोप द्या! कर्जतची मंडळी आयतवारी दुपारच्या गाडीनं येतीये!" आणि घंटी मारली.

एव्हाना मी तयार झाले होते. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "मावशी, मंडळी म्हणजे चर्चची माणसं ना?"

"मंग काय! अगं बया, आख्खी मंडळी? ह्या दुष्काळात?"

मावशीनं पाळकसाहेबांना गाठलं. साहेब गहिवरले. दोन मिशनांची माणसं एकत्र यावीत म्हणून ते कधीपासून धडपडत होते, आणि आता कर्जतची मंडळी आपण होऊन येत होती! त्यांनी लगेच भाषण लिहायला घेतलं. घराघरातून मूठमूठ पीठ गोळा झालं. कुणी डाळीचं पीठ दिलं, कुणी तेल, कुणी सुकवलेल्या मिरच्या. ढोलकीची पानं तापवून ताणली गेली. इतकी माणसं निजणार कुठं, यावरून दोन घरांत भांडण झालं. दोघांनाही पाहुणे आपल्याकडेच हवे होते.

काका बेलापूरच्या बाजाराहून आले तेव्हा वस्ती नुसती घुमत होती. निरोप ऐकून त्यांनी सायकल भिंतीला टेकवली.

"समदी येनार?"

"मंडळी म्हनल्यावर समदीच की," मावशी म्हणाली.

"बायामानसं बी?"

"व्हय."

काका आत गेले. थोड्या वेळानं पुन्हा बाहेर. "म्हंजे, थोरामोठ्या बाया बी?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी मावशीकडे. त्या दिवसापासून वस्तीत प्रत्येकाच्या मनात एकच होतं, कर्जतच्या जथ्यात मार्थाबाई असतील की नसतील? माझा तर जीव टांगणीला लागला होता. सगळं गाव आलं आणि तेवढी एकच बाई आली नाही, तर ह्या माणसाकडे बघायचं कसं?

रविवारी काकांनी दाढी केली, हनुवटीवर कापून घेतलं. लग्नातला काळा कोट तांब्यात निखारे घालून इस्त्री केला. तो आता पोटावर मिटत नव्हता, तरी घातला. आम्ही सगळे वाजतगाजत स्टँडवर गेलो. पुढं ढोलकी, मागं टाळ, मधे झेंडूचा हार घेतलेले पाळकसाहेब. स्टँडवरच्या लोकांना वाटलं, कुणी मंत्री येतोय. तेही येऊन उभे राहिले.

गाडी आली. एक शेळीवाला उतरला. दोन कॉलेजची पोरं उतरली. एक पोटुशी बाई आणि धुळीपायी तोंडावर पदर घेतलेली तिची आई उतरली. मग कुणी नाही. ड्रायव्हर उतरून पाणी प्यायला गेला.

पाळकसाहेब हार धरून वाकून गाडीत डोकावले. सगळी बाकं रिकामी होती. काका कोटाचं न लागणारं बटण लावायचा प्रयत्न करत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

"हिकडं काय बघताय?" कंडक्टर टपावरून ओरडला. तो एक पत्र्याची ट्रंक खाली सोडत होता. "उतरली की तुमची मंडळी!"

गाडीच्या मागच्या बाजूला, ट्रंकेखाली हात धरून, आम्ही पोटुशीची आई समजलो होतो ती उंच, पिकल्या केसांची, नऊवारीतली बाई उभी होती. ट्रंक खाली ठेवून तिनं पदर सावरला आणि आमच्या सगळ्यांवरून, ढोलकीवरून, हारावरून नजर फिरवली.

"एवढी मानसं?" ती घाबरून म्हणाली. "कुनी गेलं का काय?"

मावशीनं कपाळावर हात मारला. "अगं बया! ही मंडळी व्हय!"

मग जो हशा उठला तो काय सांगू. ढोलकीवाल्यानं कुणी न सांगताच ठेका धरला. शेळी ओरडायला लागली. पाळकसाहेबांना आता हाराचं काय करावं ते कळेना. त्यांनी तो काकांच्या हातात दिला. काकांना तर काहीच दिसत नव्हतं. ते पुढं झाले आणि त्यांनी तो हार भक्तिभावानं टपावरून उतरलेल्या कंडक्टरच्या गळ्यात घातला.

"हे बेस झालं," मार्थाबाई म्हणाल्या. "मी धुळीतनं आले अन् हार ह्याला."

मी हसत होते आणि डोळे पुसत होते. आजूबाजूला बघितलं तर सगळ्यांचं तेच चाललं होतं.

घरी आल्यावर मार्थाबाईंनी पिठल्याचा हंडा बघितला, लाल भाकऱ्यांची चळत बघितली. "एवढं कुनासाठी केलंय?"

"मंडळीसाठी," काका म्हणाले. स्टँडपासूनचा हा त्यांचा पहिला शब्द.

"मी एकटी एवढं खाईन व्हय?"

मग काय, सगळी वस्तीच पंगतीला बसली. पाळकसाहेब भाषणाचा कागद उलगडून उभे राहिले आणि मंडळ्यांच्या ऐक्याविषयी सुरुवात केली. मार्थाबाईंनी त्यांच्या पानात ठेचा वाढला. "सायेब, आधी जेवा." साहेब मुकाट्यानं बसले. त्या दुष्काळात इतकं पोटभर आणि इतकं हसत आम्ही कुणीच जेवलो नव्हतो.

जेवणं उरकल्यावर मी मार्थाबाईंना भांडी घासायला मदत केली. नुकतीच ओळख झालेली, पण मला विचारल्यावाचून राहवलं नाही. "इतक्या वर्षांनी आलात ते कशा?"

त्यांनी परात उलटी घातली. "दर खेपंला पुस्तक आनायचा. क्षमेचं! मला! भांडला हा अन् क्षमा शिकायची मी. ह्या वक्ताला हात हालवीत आला. उंबऱ्यावर बसला. म्हनला, मार्था, मी चुकलो. म्या वाट बघितली, आता फुडं शास्त्रातलं कायतरी येईल. न्हाई आलं. मंग म्हनला, रातच्याला भिंतीशी बोलतो. मी म्हनलं, भाकर खाऊन जा." एवढं बोलून त्या राख घेऊन हंड्याला भिडल्या.

तेवढ्यात काका मागच्या दारात आले. अजून तो कोट अंगात होता. आमच्या दोघींकडे बघत नुसतेच उभे राहिले.

"काय पायजे?" मार्थाबाईंनी मान वर न करता विचारलं.

"काय न्हाई."

"मंग?"

"काय न्हाई. हायेस का, ते बघाया आल्तो."

मार्थाबाईंचा हात हंड्यावर थांबला. मी माझी दोन ताटं उचलली आणि घरी आले.