स्फूर्तिपरिषदेत उजव्या हाताचा हुकूम जाहला, त्याची बखर

श्री शारदेचे पायीं मस्तक ठेवून, आणि कोणाचे नांव घेतल्याने कोणास राग आला तर तो तिनेच आवरावा ऐसी प्रार्थना करून, घडले तैसे लिहिले आहे. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुख नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, ते दिवशीं राजधानीत स्फूर्तिपरिषद भरली. तिचे कारण ऐसे कीं, राज्याचे विद्याखात्याचे सरसुभेदार आदले वर्षी परमुलखी गेले होते, तेथे त्यांनी ऐकिले कीं विद्यार्थ्यास शिकविणे जुने जाहले, आतां त्यास स्फूर्ती द्यावी लागते. मग परत येतांच त्यांनी मसलत केली कीं सातां समुद्रांपलीकडील नामांकित पंतोजी येथे बोलवावे, स्फूर्ती कैसी द्यावी याचा ऊहापोह करावा, आणि आपले राज्यात ती आधीच किती उदंड आहे हे त्यांस दाखवावे. मग खलिते गेले, आणि मंडप उभे राहिले, आणि पक्वान्नांचे बेत ठरले, आणि राजरस्त्यावरील कुत्री देखील धरून गांवाबाहेर नेली.

आतां दाखवायचे तर जिवंत दाखवावे, म्हणून एक पाठ भरसभेत व्हावा ऐसे ठरले. राजधानीतील थोर शाळांची मुले घ्यावी तर पाहुणे म्हणतील, हे सुखवस्तूंचे लेक, यांत नवल ते काय. म्हणून दूर डोंगरातली एक शाळा हुडकून काढिली. तेथे सगुणाबाई रणपिसे नामें एकटी पंतोजीण आणि पोरें एकोणीस. पट थोडा, सबब ही शाळा मोडावी आणि पोरांनी ओढ्यापलीकडील मोठ्या शाळेत जावे, ऐसा हुकूम कचेरीत लिहून तयार होता. हा ओढा पावसाळ्यात म्हैस वाहून नेतो, हे कचेरीस ठाऊक नव्हते. नकाशात तो केसाएवढा दिसे. सगुणाबाईंस मात्र पक्के ठाऊक होते कीं शाळा मोडली तर पोरें पलीकडे जाणार नाहीत, शेरडांमागे जातील, आणि त्यांतही मुली आधी जातील. सरसुभेदारांनी बाईंस बोलावून बसविले, चहा पाजिला, आणि मग मधाचे बोट लाविले कीं पाठ निर्वेध पार पडून पाहुणे राजी जाहले तर हुकूम गादीखाली जाईल. आणि कोठे फजिती जाहली तर परिषद उठण्याआधी त्यावर शिक्का पडेल. बाईंनी चहा पुरता प्याला नाही. त्या परत आल्या आणि पोरांस तालीम देऊ लागल्या.

येथे त्या मुलखाचा एक रिवाज सांगणे प्राप्त आहे. तपासनीस शाळेत आला म्हणजे पंतोजीने प्रश्न पुसावा आणि झाडून साऱ्या पोरांनी हात वर करावे. मात्र ज्यास उत्तर येते त्याने उजवा, आणि न येणाऱ्याने डावा. तपासनिसास हातांचे रान दिसते, तो संतोष पावतो. पंतोजी उजवा हात पाहून पोर उठवितो, आणि साऱ्यांची अब्रू राहते. हा रिवाज कोणी लिहून ठेविला नाही आणि कोणी मोडिलाही नाही. सगुणाबाई मानी स्वभावाच्या, त्यांनी आजवर तो आपले शाळेत शिरू दिला नव्हता. परंतु अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणून या खेपेस त्यांनी तो शिकविला, आणि शिकवितांना पोरांच्या डोळ्यांस डोळा दिला नाही. पोरांत बकुळा नामें धनगराची एक मुलगी होती. तिचा हात बहुतकरून डावाच असे, पण वर जाण्यात साऱ्यांच्या आधी.

मग परिषदेचा दिवस उजाडला, आणि पोरांस कोरे पोशाख घातले, आणि पडद्यामागे उभे केले. सभेचा थाट ज्यांचे हाती ते कारभारी विश्रामराव अखेरची तालीम पाहण्यास आले. हे घरी पंतोजी ठेवून शिकलेले, त्यांनी जन्मात शाळेचा उंबरा ओलांडिला नव्हता. बाईंनी प्रश्न पुसला, हात वर गेले, आणि विश्रामरावांच्या कपाळास आठ्या पडल्या. म्हणाले, हे काय, कोणाचा हात इकडे आणि कोणाचा तिकडे, ऐशाने छबी बिघडते. आणि पाहुण्यांपुढे डावा हात करणे हे कोणते वळण? झाडून साऱ्यांनी उजवाच करावा.

सगुणाबाई पुढे जाहल्या. म्हणाल्या, "राव, ऐनवेळी नका बदलू. पोरांना सवय झालीय."

"सवय मोडायला कितीसा वेळ लागतो?" विश्रामराव म्हणाले. "चला रे, उजवा."

आणि त्यांनी स्वतः उभे राहून पोरांकडून उजवा हात घोटून घेतला. बाईंनी खरे कारण सांगावे तर फजिती तेथेच, आणि न सांगावे तर घटकाभराने. इकडे आड, तिकडे विहीर. तों नगारा जाहला आणि पडदा उघडला.

समोर देशोदेशींचे पंतोजी बसलेले, पहिले रांगेत सरसुभेदार, आणि त्यांचे शेजारी हिमदेशाची वृद्ध पंतोजीण हेल्गाबाई, जिचे शब्दास त्या मंडळीत मोठा मान. बाईंनी पहिला प्रश्न केला कीं ढग कशाचे होतात, आणि एकोणीस उजवे हात ताठ वर गेले. सभेने वाहवा केली. बाईंस मात्र कोणास येते आणि कोणास नाही हे हातावरून कळेना. त्यांनी पोरांचे चेहरे वाचले आणि गेनूस उठविले, आणि त्याने चोख सांगितले. दुसरे प्रश्नास पुनः तेच हात. बाईंनी एका मुलीस उठविले, ती अडखळली, थांबली, आणि मग तिला आठवले. बाईंचे हातातला खडू घामाने भिजून गेला. सरसुभेदार मान डोलवीत होते. एकच प्रश्न उरला होता, आणि इतक्यात हेल्गाबाई उठून उभ्या राहिल्या.

त्यांनी दुभाष्याकरवी विनविले कीं पाठ फार गोड जाहला, आतां एक प्रश्न मी पुसते, आणि मूलही मीच निवडते. नाही कोण म्हणणार? त्यांनी पुसले कीं चंद्र कधी कधी दिवसा का दिसतो. हे तालमीत नव्हते, पुस्तकात नव्हते, आणि खरे सांगावे तर पुढील रांगेतही फारसे कोणास येत नव्हते. तरी हुकुमाप्रमाणे एकोणीस उजवे हात वर गेले, आणि त्यांत सर्वांत उंच हात बकुळेचा. हेल्गाबाईंनी तिजकडे बोट केले.

बकुळा उठली. पुढे बसलेल्या एवढ्या जनसमुदायाकडे तिने एकदा पाहिले आणि म्हणाली, "मला न्हाई येत."

हेल्गाबाईंनी हसून पुसले, येत नाही तर हात वर का?

"बाईंनी सांगितलं हुतं, येत नसंल त्यानं डावा करा. मंग त्या सायबांनी सांगितलं, समद्यांनी उजवाच करायचा. म्हनून म्या उजवा केला."

मंडपात ज्यांस मराठी कळत होती त्यांनी माना खाली घातल्या, आणि सरसुभेदारांचे मुखावरील रंग उतरला. परंतु दुभाषी अनंतपंत मुरलेला दरबारी माणूस, त्याने पापणी न लववितां टोपीकरी, म्हणजे इंग्रजी, भाषेत सांगितले कीं, मुलगी म्हणते, आमचे बाईंनी आम्हांस ऐसी स्फूर्ती दिली आहे कीं उत्तर न येणारानेही हात वर करावा, अज्ञानाची लाज धरू नये. हे ऐकतांच परदेशी पंतोजी उठून उभे राहिले, आणि टाळ्यांचा ऐसा कडकडाट जाहला कीं मंडपाचे पडदे हालले, आणि कित्येकांचे डोळ्यांस पाणी आले. हेल्गाबाईंनी सगुणाबाईंचा हात धरून पुसले कीं पोरांस ऐसे निर्भय कैसे केले, ते आम्हांस सांगावे.

सगुणाबाईंस ती भाषा शाळेत शिकवावी लागे. जीभ वळत नसली तरी कानास कळे. दुभाष्याने काय केले ते त्यांनी ओळखले. सरसुभेदार त्यांजकडे पाहत होते, आणि त्या पाहण्याचा अर्थ साफ होता, कीं बाई, दोन गोड शब्द बोला आणि शाळा घ्या. बोलणे सोपे होते. ओढा बाईंचे डोळ्यांपुढे आला, आणि शेरडांमागे चाललेल्या मुली आल्या. तरी त्यांनी बकुळेकडे पाहिले. ती हसत उभी होती. टाळ्या आपण खरे बोललो म्हणून पडल्या, ऐसे तिला वाटले होते. आतां बाई खोटे बोलत्या तर ते तिला आज कळले नसते, पण कधीतरी कळले असते, आणि ते बाईंस सोसवेना.

मग त्या मोडक्यातोडक्या टोपीकरी भाषेत स्वमुखेच बोलिल्या कीं, मुलगी तैसे बोलली नाही. आणि मग उजव्या हाताचे, आणि डाव्या हाताचे, आणि तपासनिसाचे, सारे सांगितले. "मी शिकवले लपवणे," म्हणाल्या. "ती खरे बोलली. तिला मी नाही शिकवले ते." आणि त्यांस पक्के कळले कीं शाळा गेली.

सरसुभेदारांनी चोपदारास खूण केली कीं पडदा पाडा. चोपदार दोरीस हात घालतो तों हेल्गाबाईंनी आपली मूठ वर केली. म्हणाल्या, आमचे देशीं येत असेल त्याने पंजा उघडावा, न येत असेल त्याने मूठ मिटावी. मी चाळीस वर्षे तपासनिसांस ऐसेच फसविले आणि आजवर कोठे बोलले नाही. मग दक्षिण बेटांचा एक धिप्पाड पंतोजी उठला आणि खाली पाहून म्हणाला कीं आम्ही मागे पडलेल्या पोरांस ते दिवशीं घरींच ठेवितों. मग आणखी एक उठला, आणि आणखी एक, आणि कोणी हसले, आणि कोणी रडले. छापील भाषणे तैसीच खुर्च्यांवर पडून राहिली, आणि परिषद उन्हे कलेपर्यंत आपसांत बोलत बसली.

अखेर हेल्गाबाई सरसुभेदारांस म्हणाल्या कीं ही शाळा मला डोळ्यांनी पाहणे आहे, मी येणार. या खेपेस अनंतपंताने शब्दास शब्द बरोबर सांगितला. भीतीने कीं लाजेने, ते त्याचे त्यास ठाऊक. साऱ्या देशांचे पंतोजी कान देऊन होते. सरसुभेदारांनी अंगरख्यातला हुकूम चाचपला, आणि हसले, आणि म्हणाले, "अवश्य यावे. शाळा आपलीच आहे."

एवंच स्फूर्तिपरिषद ऐसी पार पडली. पुढे पाहुणी येणार म्हणून शाळेस रंग दिला, कौले शाकारली, आणि पाहुणी येऊन जाईतों शाळा मोडूं नये ऐसा शेरा हुकुमावर पडला. दरसाल कचेरी पत्र धाडून पुसते, हेल्गाबाई कधी येणार? दरसाल हिमदेशाहून उत्तर येते कीं गुडघे दुखतात, परंतु पुढील साली खचित येते. बकुळा तेथली इयत्ता पुरी करून तालुक्यास शिकावयास गेली, तिचे मागून आणखी मुली गेल्या. सगुणाबाई सांजेस दिवा लावून देवापाशी एवढेच मागतात, कीं हेल्गाबाईंस उदंड आयुष्य दे, आणि त्यांचे गुडघे मात्र बरे करू नको. इति.