किल्ली कुणाच्या खात्यातली?

“यंदा टाचणीसुद्धा इकडची तिकडे होणार नाही!” मुकादमबाईंनी जाहीर केलं. जाहीर करताना त्या ज्या स्टुलावर उभ्या होत्या त्याचा एक पाय आखूड होता. पण असल्या बारीकसारीक गोष्टींनी डळमळणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

मुकादमबाई म्हणजे कॉलेजच्या नाट्यमंडळाच्या नव्या रंगमंच व्यवस्थापक. वय विशीचं, उंची बेताची, आवाज मात्र नदीच्या पलीकडच्या काठावरून माणूस बोलावून आणेल असा. हे नाव त्यांना ठेवावं लागलं नाही, ते आपोआप पडलं.

शिस्तीची गरज होतीच म्हणा. गेल्या वर्षीच्या नाटकात सिंहासन कुणीतरी आणून ठेवील, असं प्रत्येकाला वाटलं होतं. पडदा वर गेला, राजा रुबाबात आला, अंगरखा सावरून बसला, तो थेट जमिनीवर! उरलेलं नाटक त्यानं उभ्यानं केलं. शेवटचा मृत्यूसुद्धा! प्रेक्षक पोट धरून हसले. प्राचार्य मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत.

“पुढच्या वर्षी असा गोंधळ झाला, तर तालमीची खोली टेबल टेनिसवाल्यांना देऊन टाकीन,” त्यांनी बजावलं.

तेव्हापासून टेबल टेनिसचा कप्तान ऐन तालमीच्या वेळी दारात येऊन उभा राहायचा आणि डोळ्यांनीच खोली मोजायचा. एकदा तर चक्क टेप घेऊन आला.

“चालू द्या तुमचं,” तो अदबीनं म्हणाला. “नायिकेला जरा बाजूला रडायला सांगा. मला भिंतीपासूनचं माप हवंय.”

ही खोली गेली तर नाट्यमंडळ गेलं, हे मुकादमबाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्या स्टुलावर चढल्या होत्या.

“आपलं मंडळ बुडवणारा माणूस एकच आहे,” त्या गरजल्या. “त्याचं नाव ‘कुणीतरी’! कुणीतरी आणेल, कुणीतरी बघेल, कुणीतरी उचलेल! आजपासून हा शब्द या खोलीत बंद. ज्याचं काम त्यानंच करायचं. दुसऱ्याच्या वस्तूला बोटही लावायचं नाही!”

मग त्यांनी रंगीत चिकटपट्ट्या काढल्या. दारं, खिडक्या, कपाटं असं सगळं नेपथ्य पिवळं. त्याचा प्रमुख होता हातोडे. हा ‘हो’ म्हणाला तरी खिळा ठोकल्यासारखा म्हणायचा. कपडे आणि दागिने लाल. ते खातं इस्त्रीकडे. नटाच्या सदऱ्यावर सुरकुती दिसली की तिच्या कपाळावर दुसरी उमटायची. रंगमंचावर हाताळायच्या वस्तू, म्हणजे नाटकवाल्यांच्या भाषेत प्रॉपर्टी, निळी. ती पोतडीकडे. पोतडी हा मुलगाच, पण खांद्यावरच्या भल्यामोठ्या पिशवीखाली तो सहसा दिसत नसे.

“आणि पडदा?” पोतडीनं विचारलं.

“पडदा माझा!” पडद्याच्या दोरीला पांढरी पट्टी गुंडाळत मुकादमबाई म्हणाल्या. “वर जाईल तो माझ्या हातानं, खाली येईल तोही माझ्याच हातानं. जग बुडालं तरी या दोरीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही!”

सगळ्यांनी मान डोलावली. आणि खरंच, काम असं सुरळीत चाललं की विचारू नका! एकदा हातोडेचा हातोडा इस्त्रीच्या पावलावर पडला. तिनं तो उचलला नाही. “पिवळी पट्टी आहे,” असं डोळ्यांत पाणी आणून म्हणाली आणि हातोडे चहा पिऊन येईपर्यंत तशीच उभी राहिली. मुकादमबाईंना तिचा कोण अभिमान वाटला!

विघ्न आलं ते किल्लीच्या रूपानं.

नाटक होतं एका सासऱ्याचं, त्याच्या सुनेचं आणि एका कुलूपबंद कपाटाचं. कपाटात काय आहे, हे सासरा सांगत नाही. किल्ली गळ्यात बांधून फिरतो, सुनेला हात लावू देत नाही. सून त्या किल्लीसाठी नाटकभर झुरते. शेवटी सासरा स्वतः कपाट उघडतो आणि ते निघतं रिकामं! बस्स. पडदा.

“किल्ली हातात घेतात. म्हणजे माझी,” पोतडी म्हणाला.

“गळ्यात घालतात. गळ्यातलं सगळं माझं,” इस्त्री म्हणाली.

“कपाट माझं, कुलूप माझं. मग किल्ली काय माहेरी राहणार?” हातोडेनं ठोकलं.

तालीम बंद पडली. सासऱ्याचं काम करणारा आजोबा, म्हणजे दर नाटकात म्हातारा होणारा द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, खोकत खोकत एका कोपऱ्यात झोपी गेला. अखेर मुकादमबाईंनी निवाडा दिला. किल्लीला तीन पट्ट्या! लाल, निळी, पिवळी. तिघांची सारखी जबाबदारी. किल्ली बोटाएवढी जाड झाली, पण वाद मिटला.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी ही हकिगत आईला रंगवून सांगितली. आई उशांना अभ्रे घालत होती.

“तिघांची एक किल्ली?” आई म्हणाली. “अगं, दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो. तुझा तर तीन घरचा.”

“आई, ती पाहुण्यांची गोष्ट. हे व्यवस्थापन आहे!”

“बरं बाई. मग व्यवस्थापन करता करता गॅसवरच्या दुधाकडे बघ.”

दूध केव्हाच उतू गेलं होतं.

“मला वाटलं, दूध तुझ्या...”

“खात्यात?” आईनं विचारलं आणि फडकं मात्र मुकादमबाईंच्या हातात दिलं.

प्रयोगाचा दिवस उजाडला. सभागृह भरलं. पहिल्या रांगेत प्राचार्य मॅडम. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत कप्तान, मांडीवर बॅट घेऊन! मुकादमबाईंनी दोरी ओढली, पडदा वर गेला आणि नाटक असं घसरगुंडीवरून गेल्यासारखं पुढे गेलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. खुर्ची जागेवर, काठी जागेवर, पाण्याचा पेला जागेवर. सून रडली तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका काकूंनी नाक शिंकरलं.

मग शेवटचा प्रवेश आला. रंगपटात अंगरखा बदलून आलेल्या आजोबांनी कापरा हात गळ्याकडे नेला. गळ्यात काहीच नव्हतं!

त्यांनी गळा चाचपला, खिसे चाचपले, कंबर चाचपली. मग विंगेकडे अशा नजरेनं पाहिलं, की ती नजर अभिनयात आणता आली असती तर त्यांना आजवर दहा बक्षिसं मिळाली असती.

मुकादमबाई रंगपटाच्या खोलीकडे धावल्या. आरशासमोरच्या टेबलावर, अगदी मधोमध, किल्ली पडली होती आणि तिघेही प्रमुख तिच्या आजूबाजूला आरामात बसले होते.

“किल्ली इथे काय करतेय?”

“मी पाहिली मघाशी,” इस्त्री म्हणाली. “पण तिच्यावर निळी पट्टी होती.”

“निळी काय, लालही होती!” पोतडी म्हणाला. “उगाच दुसऱ्याच्या वस्तूला कशाला हात लावा?”

“पिवळीही दिसली मला,” हातोडे म्हणाला. “पण दोघांची परवानगी घ्यावी म्हणून थांबलो.”

भांडायला वेळ नव्हता. मुकादमबाई किल्ली घेऊन विंगेत आल्या, तेवढ्यात सूनबाई कंदील आणायच्या निमित्तानं आत आल्या.

“ही घे, जाऊन सासऱ्याला दे. पळ!”

“वेडी का तू?” सून कुजबुजली. “मला किल्ली मिळत नाही, हेच तर नाटक आहे! आता माझ्याच हातात ती दिसली, तर मी मघापासून रडत कशाला होते?”

बिनतोड मुद्दा! ती कंदील घेऊन परत गेलीसुद्धा. मुकादमबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि किल्ली जमिनीवरून आजोबांच्या दिशेनं सरकवली. पण तीन पट्ट्यांची ती गुबगुबीत किल्ली सरळ जाईल तर शपथ! अर्ध्यावर गिरकी घेतली आणि ऐटीत कपाटाखाली शिरली.

“किल्ली... माझी किल्ली...” आजोबा घशातून म्हणाले. हे वाक्य नाटकात नव्हतं. मग नव्वदीचा तो जर्जर म्हातारा पालीच्या चपळाईनं पोटावर आडवा झाला आणि कपाटाखाली काठी घालू लागला. काठीनं किल्ली आणखी आत गेली.

प्रेक्षकांत खुसखुस सुरू झाली. पहिल्या रांगेत कप्तानानं बॅट हळूच छातीशी धरली.

आता एकच उपाय होता. त्या कपाटाला पुढून सागवानी थाट असला, तरी मागे नुसतं काळं कापड होतं. मागून आत शिरायचं, आतून कुलपाची जीभ सारायची, पसार व्हायचं!

“थांब!” हातोडे आडवा आला. “कपाट माझं खातं आहे.”

“हातोडे, बाजूला हो!”

“अगं, ऐक तरी...”

मुकादमबाई कापड बाजूला सारून आत घुसल्या. आत गेल्यावर त्यांना कळलं की हातोडे काय सांगत होता. कपाट आतून सकाळीच काळं रंगवलं होतं आणि तो रंग अजून ओला होता. आधी वेणी चिकटली, मग खांदा, मग डावा कान. तशाही स्थितीत त्यांनी दातांत टॉर्च धरून कुलपाची जीभ मागे रेटली. खट्! दार करकरत आपोआप उघडू लागलं.

“पसार व्हायचं!” मुकादमबाईंनी स्वतःला बजावलं. वेणीनं साफ नकार दिला.

दार सताड उघडलं. प्रकाशयोजनेचं खातं सांभाळणारा पोरगा तर सांगितल्या कामाचा पक्का! दार उघडताच कपाटात दिवा लावायचा, असं त्याला सांगितलं होतं. त्यानं लावला. लख्ख!

दातांत टॉर्च, अर्धं तोंड काळं आणि भिंतीला चिकटलेली वेणी अशा थाटात मुकादमबाई भर सभागृहासमोर प्रकटल्या.

आजोबा उठून उभे राहिले. कपाटात पाहिलं. मुकादमबाईंच्या डोळ्यांत डोळे घातले. आणि लेखकाच्या शब्दाला हात लावायचा नाही, हा नियम पाळून त्यांनी हंबरडा फोडला, “रिकामं! बघ सूनबाई, रिकामं!”

सून कंदील वर धरून पुढे आली. मुकादमबाईंच्या नाकासमोर कंदील फिरवून तिनं आपलं वाक्य म्हटलं, “म्हणजे... आत कुणीच नव्हतं?”

छप्पर उडालं! शिट्ट्या, टाळ्या, हास्याचे लोट! आता फक्त पडदा पडायला हवा होता. आजोबा थिजल्यासारखे उभे राहिले. सून थिजली. पडदा पडेना. कसा पडणार? दोरीवर पांढरी पट्टी आणि पट्टीची मालकीण कपाटात!

“पददा!” मुकादमबाई टॉर्चमधून ओरडल्या.

विंगेत दोरीभोवती हातोडे, इस्त्री आणि पोतडी हात मागे बांधून उभे होते. दोरीकडे ते बघतसुद्धा नव्हते! शिस्त म्हणजे शिस्त.

सुनेच्या हातातला कंदील थरथरू लागला. आजोबांना खराखुरा खोकला आला. शेवटी पहिल्या रांगेतून एकजण उठला, पायऱ्या चढून विंगेत गेला आणि दोरी ओढली. तो कप्तान होता.

“कुणीतरी ओढायला हवा होता ना,” तो म्हणाला.

पाठोपाठ प्राचार्य मॅडम आत आल्या. सगळे एकमेकांच्या मागे सरकले. मॅडमनी चष्मा पुसला. त्यांचे डोळे ओले होते!

“काय शेवट केलात रे!” त्या म्हणाल्या. “घरात राबणारी बाई डोळ्यांसमोर उभी असते आणि माणसं म्हणतात, कुणीच नाही! मी हे सतरा वर्षं अनुभवलंय. खोली तुमचीच!” पर्समधून त्यांनी तालमीच्या खोलीची किल्ली काढली, विंगेतल्या टेबलावर ठेवली आणि डोळे पुसत निघून गेल्या.

जल्लोष झाला. मग हळूहळू सगळे टेबलाकडे बघू लागले. किल्ली नवी कोरी होती. तिच्यावर कसलीच पट्टी नव्हती.

“ही हातात घ्यायची ना? मग पोतडीची,” इस्त्री म्हणाली.

“रंगमंचावर आली तर माझी. अजून आली नाहीये,” पोतडी म्हणाला.

“खोली म्हणजे नेपथ्य नव्हे,” हातोडेनं अंग काढून घेतलं.

मुकादमबाईंची वेणी अजून रंगात होती. आजोबा रॉकेल शोधायला गेले होते, पण रॉकेल कुणाच्या खात्यात येतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. कपाटातून मुकादमबाईंना टेबल स्पष्ट दिसत होतं, हात मात्र पोचत नव्हता. त्यांचा धीर सुटला.

“अरे मेल्यांनो, कुणीतरी उचला ना ती किल्ली!”

सगळ्यांनी वळून कपाटाकडे पाहिलं. बंदी घातलेला शब्द, आणि साक्षात मुकादमबाईंच्या तोंडून!

आणि मग कुणीतरी ती उचलली. बॅट काखेत मारली, किल्ली खिशात टाकली, “येतो हं,” म्हणाला आणि शीळ घालत गेला.

दुसऱ्या दिवशी नाट्यमंडळाची बैठक जिन्याखाली भरली. वरच्या खोलीतून टकटक, टकटक असा चेंडूचा आवाज येत होता. मुकादमबाईंचे केस आता खांद्यापर्यंतच राहिले होते. त्यांनी घसा खाकरला.

“किल्ली परत मागायला कोण जाणार?”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हातोडे, इस्त्री आणि पोतडी एका सुरात म्हणाले, “जाईल की कुणीतरी!”