मांडीतला करंट

दादाराव वायरमन आमच्या घरी आले की चहाच्या आधी फ्रीजला टेस्टर लावतात. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण "आधी टेस्टर, मंग इस्वास" हा बाणा कायम आहे. माझा कोरा मिक्सरही त्यांनी नापास केला होता. कारंज्यात ते माझे शेजारी. लग्न केलं नाही, राहतात एकटे.

हा माणूस जन्मभर खांबांवर चढला आणि पडला घरच्या ओट्यावरून. गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशननं हाड जुळलं, पण मांडी काही केल्या कामच करेना. पाय उचला म्हटलं की त्यांच्या नुसत्या भुवया उचलल्या जायच्या.

"मी गाडीनं नेत जाईन तुम्हाला कामरगावला," मी म्हणालो.

"नाई मास्तर. मले यष्टीतच चढा लागते."

कामरगावला त्यांची धाकटी बहीण, बेबी. तिचा नवरा गेल्यापासून दर मंगळवारी दादाराव यष्टीनं तिच्याकडे जायचे. पडल्याचं त्यांनी तिला कळू दिलं नव्हतं. साहेबानं पुन्हा ड्युटीवर बोलावलंय, अशी फोनवर थाप मारली होती. "मले कोनी धरून उतरवताना पाह्यलं तं खचून जाईन ते. तिले माह्याबिगर कोन हाय?"

मी त्यांना फिजिओथेरपीला नेलं. तिथल्या मॅडम मांडीवर वायरी चिकटवू लागल्या, तसे दादाराव "थांबा!" म्हणून कुबड्यांवर उठले आणि जिन्यातला मेन स्विच पाडून आले. चालू लाईनवर जोडणी करायची नाही, हा त्यांचा धर्म. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातून एक किंकाळी आली.

"काका, हे मशीन करंट देत नाही. तुमच्या स्नायूतला करंट मोजतं."

"माह्या आंगात करंट?" त्यांनी आधी मांडीला टेस्टर लावून पाहिला.

स्विच वर झाला, मशीन सुरू झालं. पडद्यावरची पट्टी निपचित. "फेज गेला," ते हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

मॅडमनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायला सांगितली. दादारावांनी दात दाबले, मुठी दाबल्या, माझा हात दाबला. टॉवेल तेवढा राहिला. पण शेवटी एकदाची पट्टी हलली आणि मशीन "टूं" वाजलं.

"आला! फेज आला!"

मग आठवड्यागणिक पट्टी वर चढत गेली. घरी मशीन नव्हतं, म्हणून "टूं" तेच तोंडानं करायचे. रोज सकाळी भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

तीन महिन्यांनी, एका मंगळवारी, मी सोबत गेलो. यष्टीच्या पायरीशी त्यांनी मांडीवर हात ठेवला, "टूं" केलं आणि चढले. कामरगावला तसेच उतरलेही. मला इतकं हायसं वाटलं की कंडक्टरला मीच नमस्कार केला.

थांब्यावर बेबीबाई उभ्या होत्या.

"तुले कोनी सांगतलं मी येऊन राह्यलो म्हनून?" दादाराव चमकले.

"कोनी नाई. मी तं दर मंगळवारी येतो इथं."

"अवं, मी ड्युटीवर हावो म्हनलं होतं ना! मंग काहून?"

"अन् तू आला असता तं?"

दादारावांनी तिचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.