बारा माणसांची सावली

"वाऱ्याचं काय ते माझ्यावर सोडा," असं गुरुप्रसाद निफाडकर बोलून गेला, आणि बोलून झाल्यावर मनात म्हणाला, चला, बोलावणं तर पक्कं झालं.

तुम्ही म्हणाल, समुद्रावर डबे घेऊन जायचं, त्याला बोलावणं कशाला लागतं? तर कुवेतमध्ये लागतं. तिथे पुरुषांच्या दोनच जाती. बायको तिथे सोबत असली की तो फॅमिली, नसली की बॅचलर. मग तो पन्नाशीला टेकलेला असो, डोक्यावर चार केस उरलेले असोत आणि ते पिकलेले असोत, बॅचलर म्हणजे बॅचलर. शुक्रवारी बागेच्या दारावर पाटी लागायची 'ओन्ली फॅमिली', आणि गुरुप्रसाद बाहेरून बाग बघून घरी यायचा.

तसा तो काही वर्षांपूर्वीपर्यंत चांगला फॅमिली होता हो. फिंतासला दोन बेडरूमचा फ्लॅट, खिडकीतून बोटभर समुद्र. मग लेकीच्या, जुईलीच्या दहावीसाठी बायको योगिनी तिला घेऊन नाशिकला गेली. "दोनच वर्षं," ती म्हणाली होती. दहावीनंतर बारावी आली, बारावीनंतर इंजिनीअरिंग आलं, आणि फ्लॅट मात्र दोन बेडरूमचाच राहिला. एका खोलीत तो झोपायचा, दुसरीत इस्त्रीचं टेबल.

बरं, त्याची माणसं काही वाईट नव्हती. मीना अब्दुल्ला नावाच्या भागातल्या रिफायनरीत त्याच्या शेजारच्याच टेबलावर बसणारा विजय रेगे, पेट्रोकेमिकलमधला आलोक, हॉस्पिटलातले डॉक्टर अभिजीत, सगळी आपली मराठी मंडळी. पण त्यांचं आपलं ठरलेलं, तीन फॅमिल्या मिळून जायचं. त्यात हा एकटा बिचारा अवघडून जाईल, असं त्यांना खरोखर वाटायचं. गुरुप्रसाद मुळीच अवघडला नसता. पण "मी मुळीच अवघडणार नाही" हे कोणाला फोन करून कसं सांगणार? तो शनिवारी कँटीनमध्ये शुक्रवारच्या सहलीच्या गोष्टी ऐकायचा आणि "मसालेभात होता का?" एवढंच विचारायचा.

त्या शनिवारी विजय म्हणाला, "मसालेभात कसला, वाळूभात होता. छत्री उडाली ती थेट सौदीच्या दिशेने. शामला म्हणते, सावलीची सोय होत नाही तोवर समुद्र बंद."

इथे गुरुप्रसादला संधी दिसली, आणि तो ते वाक्य बोलून गेला.

"मग तूच ये ना घेऊन," विजय म्हणाला.

झालं. त्याच संध्याकाळी गुरुप्रसाद राई भागातल्या तंबूबाजारात. दुकानदार नूरुद्दीन हैदराबादचा. गिऱ्हाईक ज्या वस्तूकडे बघेल ती बढिया, हे त्याचं तत्त्व.

"छत्री नको," गुरुप्रसाद म्हणाला. "एका पायावर उभी, ती उडणारच."

"बराबर, साहब. छत्री एकदम बेकार. ये मंडप देखो, चार पाँव."

"याला भिंती नाहीत. वाळू येणार."

"वाळू तो आएगीच, साहब. ये देखो, तीन तरफ से बंद, एक तरफ से खुल्ला. जाड्डा कपडा, लोहे के पाइप. बढिया." मग त्याने विचारलं, "कितने लोगां?"

"बारा."

"माशाल्ला. सब फॅमिली?"

गुरुप्रसादने मनात मोजलं. अकरा ते आणि बारावा आपण. "सब फॅमिली," तो म्हणाला आणि त्याचे कान गरम झाले.

आता इंजिनीअर माणूस, आधी उभारून बघितल्याशिवाय नेणार थोडाच? त्याने तो तंबू हॉलमध्येच उभा केला. सोफा भिंतीला लागला, टीव्ही तंबूच्या तोंडापुढे आला. पाइप एकमेकांत असे बसले की सांगता सोय नाही. इतके छान बसले की सुटेचनात. मग म्हणाला, राहू दे, शुक्रवारपर्यंत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो वरणभाताचं ताट घेऊन आतच बसायला लागला, आणि पुढे उशीही आतच गेली. तीन बाजूंनी कापड असलं की हॉल लहान होतो, आणि लहान जागेत एकट्या माणसाला जरा बरं वाटतं.

नाशिकहून फोन आला. "आवाज असा कोंडल्यासारखा का येतोय?" योगिनीने विचारलं.

"तंबूत आहे."

"कुठल्या तंबूत? तुम्ही घरी नाही?"

"घरीच आहे. तंबू घरात आहे."

मग ती हळूच म्हणाली, "अहो, जेवता ना वेळेवर?"

वाऱ्याचा विचार मात्र त्याने पक्का केला होता. वाळूत खुंट्या टिकत नाहीत, म्हणून दोऱ्यांना वाळूने भरलेल्या पिशव्या बांधायच्या. पिशव्या शामलावहिनींनी दिल्या, बासमती तांदळाच्या, जाड कापडाच्या, चेन लावलेल्या. परदेशातलं कुठलंही मराठी घर तांदूळ संपला म्हणून असली पिशवी टाकत नाही. "भावजी, परत हव्यात हां," त्यांनी बजावलं होतं. "पुढच्या सुट्टीत त्यांतूनच सामान न्यायचंय."

आणि तोंड कुठे करायचं? त्याचंही उत्तर तयार होतं. रिफायनरीत उंच खांबावर ती नारिंगी कापडी नळी असते ना, विंडसॉक, वारा कुठून येतोय ते दाखवणारी? नोकरीला लागल्या दिवसापासून शिकवतात, गॅस सुटला तर आधी तिच्याकडे बघा आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चाला. गुरुप्रसाद सकाळी ऑफिसात शिरताना देवाला करावा तसा तिला मनातल्या मनात नमस्कार करायचा. आणि ती नळी सदानकदा एकच सांगायची, वारा वायव्येचा. म्हणजे पाठ वायव्येला, तोंड समुद्राकडे. सोपं आहे.

शुक्रवारी मीना अब्दुल्लाच्या पुढच्या किनाऱ्यावर तो सगळ्यांच्या आधी पोचला. (तंबू हॉलमधून कसा सोडवला ते विचारू नका. हातोडी लागली.) मंडळी आली तेव्हा सावली तयार, सतरंज्या पसरलेल्या, कोपऱ्याकोपऱ्याला तांदळाच्या पिशव्या ठाण मांडून बसलेल्या. मागून वारा कापडावर थापा मारत होता आणि आत वाळूचा कण नाही.

"भावजी, हा तर बंगलाच बांधलात," शामला म्हणाली. तिने आत छोटी शेगडी पेटवली आणि वडे तळायला घेतले. डॉक्टर अभिजीतांनी बूट काढले. त्यांची बायको चारुशीला म्हणाली, "पुढच्या वेळी निफाडकरांशिवाय निघायचंच नाही."

पुढच्या वेळी! गुरुप्रसाद हातात वडा घेऊन नुसता बसून राहिला. कोणीतरी त्याला चटणी हवी का विचारलं, त्याने हो म्हटलं, चटणी आली. इतकंच. पण असं मधोमध बसून चटणी मागून घेऊन किती दिवस झाले होते.

जेवता जेवता वारा पडला. पडला तो पार पडला, कापड हलेना. "बघा, वारासुद्धा कंटाळून गेला," गुरुप्रसाद म्हणाला आणि सगळे हसले. आपल्या विनोदावर अकरा माणसं हसतात हे ऐकून त्याला आणखी एक सुचत होता, तेवढ्यात विजयची मुलगी शलाका म्हणाली, "अंकल, इट्स मूव्हिंग."

"काय मूव्हिंग?"

"युवर टेंट."

समुद्राकडून वारा सुटला होता. थेट तंबूच्या उघड्या तोंडात. तीन भिंतींनी तो आत घेतला आणि बाहेर जायला वाट कुठे ठेवली होती? कापड फुगलं. छत एवढं वर उचललं की आलोकच्या बायकोला, प्रभाला, वाटलं कोणी मुद्दामच उंच करतंय.

"काही नाही," गुरुप्रसाद म्हणाला. "थोडं हलणारच. लिमिटमध्ये आहे."

तेवढ्यात मागचे पाय वाळूतून उपटले आणि तंबू सबंध हातभर सरकला. मधोमध शेगडी, शेगडीवर उकळत्या तेलाची कढई. गुरुप्रसादने आधी झेप घालून सिलिंडर बंद केला, कढई वाळूत उतरवली, आणि मग त्याच्या तोंडून जे वर्षानुवर्षं घोटून घेतलं होतं तेच निघालं.

"वाऱ्याच्या विरुद्ध! सगळे वाऱ्याच्या विरुद्ध चला!"

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, बाबा रे, तंबू उडतोय, गॅस सुटलेला नाही. पण विजय आणि आलोक दोघेही तेलातलेच. त्यांच्या पायांना सवय. दोघांनी पोरं उचलली, बायकांना पुढे घातलं आणि धावत न सुटता भरभर चालत (धावायचं नसतं) वाऱ्याच्या विरुद्ध निघाले. वारा समुद्राकडून, म्हणजे विरुद्ध बाजू समुद्रातच. गेले की सगळे समुद्रात! डॉक्टर तर का जायचं ते न विचारताच गेले. फेब्रुवारीच्या गार पाण्यात गुडघाभर उभी सबंध मंडळी, कोणाच्या हातात ताट, कोणाच्या हातात ताकाचा जग, आणि शामलाच्या हातात झारा.

गुरुप्रसाद मात्र गेला नाही. सावली गेली तर पुढची वेळही गेली, हे त्याला एवढं स्वच्छ दिसत होतं की त्याने दोरी हातात गच्च धरली. मग वाऱ्याने दोरी नेली, दोरीने गुरुप्रसादला नेलं, आणि मागून वाळू भरलेल्या बासमतीच्या पिशव्या फरफटत निघाल्या. पुष्कळ अंतरावर एका कुवेती कुटुंबाचा मोठा तंबू होता, जुन्या पद्धतीचा, बसका. त्याच्यापुढे एक म्हातारा चहा पीत बसला होता. गुरुप्रसादची वरात त्याच्या पायाशी येऊन आडवी झाली.

म्हाताऱ्याने पेला बाजूला ठेवला. "कौस," तो समुद्राकडे हात करून म्हणाला, म्हणजे हा आग्नेयेकडचा वारा. मग दुसरा पेला भरून पुढे केला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "बैठो."

गुरुप्रसाद बसला. गुडघे खरचटलेले, एक चप्पल गायब.

"फॅमिली किधर?" म्हाताऱ्याने विचारलं.

गुरुप्रसादने लांब बोट दाखवलं. "उधर. समुंदर में."

म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरून बघितलं. "सब तुम्हारा फॅमिली?"

"सब."

"पानी में क्यों खडा है?"

गुरुप्रसादने पेल्यात फुंकर घातली. तो चहा प्यायला.

थोड्या वेळाने शलाका त्याची चप्पल घेऊन आली. "पापानी हेडकाउंट घेतला," ती सांगू लागली. "ही सेड, इलेव्हन, ऑल प्रेझेंट. मग मम्मी म्हणाली, अहो, भावजी कुठायत?"

"आधी म्हणाले ऑल प्रेझेंट?"

"हो. मग मम्मी ओरडली."

अकरा आणि सगळे हजर. विजयचा तरी काय दोष? फॅमिल्या मोजल्या, तीनही पुऱ्या भरल्या. गुरुप्रसादने चप्पल पायात घातली. वाईट वाटलं त्याला, खूप वाईट वाटलं. पण हसतच परत गेला. सगळ्यांचे कपडे ओले, पोरं कुडकुडत होती. ज्याची त्याची फॅमिली ज्याच्या त्याच्या गाडीत बसली आणि गेली. पाइप वाकले होते, ते कचऱ्याच्या पिंपात गेले.

घरी आला तर हॉल केवढा तरी मोठा झालेला. सोफा अजून भिंतीशीच. तो तंबूच्या जागी उशी ठेवून जमिनीवरच बसला. योगिनीचा फोन आला तेव्हा त्याने सबंध गोष्ट रंगवून सांगितली, झाऱ्यासकट. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हेडकाउंटचं त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये विजय त्याच्याकडे न बघता भाजी वाढून घेत होता. गुरुप्रसादही मसालेभाताचं काही विचारणार नव्हता. संध्याकाळी घरचा फोन वाजला.

"भावजी, शामला बोलतेय. माझ्या तांदळाच्या पिशव्या आहेत ना?"

म्हणजे एवढ्यासाठी. "आहेत की," गुरुप्रसाद म्हणाला. त्या तिकडे किनाऱ्यावर, म्हाताऱ्याच्या दारात, वाळूने भरलेल्या पडल्या होत्या.

"मग शुक्रवारी येताना घेऊन या."

"येताना? कुठे?"

"आमच्याकडे जेवायला, आणखी कुठे? हे कालपासून तोंड पाडून बसलेत, तुम्हाला फोन करायची लाज वाटतेय त्यांना. समुद्र नको आता. आमच्या घराला छप्पर आहे, तुम्ही नुसते या. नुसते म्हणजे, पिशव्या घेऊन."

फोन ठेवला आणि गुरुप्रसादने गाडीची किल्ली उचलली. वारा कुठला आहे तेही बघितलं नाही.

किनाऱ्यावर म्हातारा तसाच चहा पीत होता. बासमतीच्या पिशव्या त्याच्या तंबूच्या चारही कोपऱ्यांना नीट मांडलेल्या होत्या, आणि वाऱ्यात तंबू जरासुद्धा हलत नव्हता. आता मागायच्या कशा? गुरुप्रसाद एका पिशवीच्या चेनशी घुटमळत उभा राहिला. म्हाताऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग समुद्राकडे बघून खात्री करून घेतली.

"फॅमिली किधर?"

"घर पे," गुरुप्रसाद म्हणाला. "शुक्रवार को खाने पे बुलाया है, बाबा. लेकिन बोला है, थैली लेके आना."