नाचाच्या मॅटवर ब्रेक नसतो

यंदा नाचाच्या खेळात मीच जिंकणार, हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. नवऱ्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा सांगितलं! दूधवाला म्हणाला, "बरं." नवरा तेवढंही म्हणाला नाही. त्याने नुसताच चहाचा कप माझ्या हाताच्या टप्प्यातून लांब सरकवला.

तुम्ही हा खेळ पाहिला असेलच. टीव्हीला एक डबी जोडतात आणि जमिनीवर मॅट अंथरतात. मॅटवर चार बाण असतात: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. गाणं सुरू झालं की टीव्हीवर खालून वर बाण यायला लागतात. जो बाण येईल तो मॅटवर पायाने दाबायचा, आणि शेवटी टीव्ही टक्के सांगतो, जोडीने एकाच मॅटवर खेळलं तर दोघांचे मिळून. बस्स! माझ्या नणंदेच्या वाढदिवसाला दर वर्षी हाच कार्यक्रम असतो. आधी सगळे पाहुणे भिंतीला टेकून बसलेले, एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत, चोरून घड्याळ बघत. मॅट अंथरली की त्याच माणसांच्या अंगात काय शिरतं कोण जाणे! गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणारे लोक तीन-तीन गाणी मॅटवरून हटत नाहीत. याचं कारण मी शोधून काढलंय. एक तर नाचणाऱ्याकडे कोणी बघत नाही, सगळे टीव्हीकडे बघतात. आणि चुकलं तर मॅटवर ढकलता येतं, "हा बाण दाबलाच जात नाही हो!"

माझ्याकडे मात्र बघतात. कारण बाकीचे चुकतात, मी आदळते!

आता यात माझा काय दोष? मी वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतेय. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. समोरून काही अंगावर आलं की माझा उजवा पाय मला न विचारता खाली जातो. या पायाने आजवर दोन कुत्री, एक पोस्टमन आणि एक अख्खी फळांची गाडी वाचवली आहे. टीव्हीवर एकदम सात-आठ बाण अंगावर धावून आले, तर त्या बिचाऱ्याने काय करावं? गेल्या वर्षी त्याने गचकन ब्रेक दाबला. मॅट सरकली, मी मागे गेले, माझ्यामागे दिवा होता आणि दिव्यामागे केक होता. पडद्यावरचा तो डाग वन्सं अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

ते मी हसण्यावारी नेलं होतं. पण यंदाच्या वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी माझी लेक गॅलरीत फोनवर बोलत होती. चौदा वर्षांची आहे. आपण हळू बोलतो असा तिचा समज आहे.

"आत्या, यंदा मी तुझ्या जोडीला खेळू? आईबरोबर नको गं... माझ्या मैत्रिणी असतात ना सगळ्या. पण तिला तूच सांग. मी सांगितलं तर वाईट वाटेल तिला."

मी ओल्या कपड्यांची बादली हातात धरून तिथेच उभी राहिले. ती पाच वर्षांची असल्यापासून आम्ही दोघी जोडीने खेळतोय. हरतो, पण जोडीने हरतो! मला रडूच यायला लागलं. मग राग आला. राग आला ते बरंच झालं, रडत बसले असते तर कपडे वाळत कोणी घातले असते?

रात्री जेवताना मी म्हटलं, "मी तुझं फोनवरचं ऐकलंय."

लेकीचा घास तोंडातच राहिला.

"आपण करार करू. यंदा एकच गाणं माझ्याबरोबर खेळ. पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेलो, तर कायम मीच तुझी जोडीदार. नाही गेलो, तर पुढच्या वर्षीपासून आत्या. मी ब्रसुद्धा काढणार नाही."

"आई, गेल्या वर्षी आपल्याला एकोणतीस होते."

"माहितीये!"

"आणि त्यातले सत्तावीस माझे होते."

मी कंबर कसली. ड्रायव्हिंग स्कूलचा वर्ग सकाळी सातला रिकामा असतो. फळ्यासमोरच्या फरशीवर मी लाल चिकटपट्टीने चार बाण काढले, मोबाइलवर गाणं लावलं आणि धप धप सुरू केलं. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे! पहिले दोन दिवस ब्रेकचा पाय काही ऐकेना. तिसऱ्या दिवशी जरा वळणावर आला. चौथ्या दिवशी मी अगदी रंगात आले होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

दारात हेडसर! निवृत्त मुख्याध्यापक, वय एकोणसत्तर. आमच्याकडचे सगळ्यांत मन लावून शिकणारे विद्यार्थी, आणि लायसन्सच्या परीक्षेत चार वेळा नापास झालेले. हातात कायम वही. मी तोंडातून काढलेला शब्द न् शब्द लिहून घेतात. एकदा मी शिंकले, तर 'क्लच सोडताना मॅडम शिंकल्या' अशी नोंद केली होती!

आता यांना काय सांगू? नणंदेकडे नाचायची तयारी करतेय म्हणून? वीस वर्षांचा दरारा एका वाक्यात धुळीला मिळाला असता!

"हा... पायांच्या ताळमेळाचा व्यायाम आहे, सर. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर."

"अच्छा!" वही उघडली. "आणि गाणं?"

"लय सापडावी म्हणून."

"मघाशी दोन बोटं वर केली होतीत, ती?"

"ती ऐच्छिक आहेत."

त्यांनी तेही लिहून घेतलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हेडसरांबरोबर पाच जण आले. त्याच्या पुढच्या दिवशी अकरा. चिकटपट्टी संपली! मालकांच्या कानावर गेलं, आणि ते धावत आले. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, शपथ घेऊन सांगते! पण मालक म्हणाले, "मॅडम, वीस वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही काहीतरी नवीन केलंत!" मी तोंड मिटलं. संध्याकाळपर्यंत दारावर पाटी लागली: 'पायांचा ताळमेळ, संगीतासह! फक्त आमच्याकडे!'

मनातून मी घाबरले होते, पण सराव झकास होत होता हेही खरं. हेडसर खुर्ची टाकून बसायचे आणि माझ्या चुका लाल पेनाने मांडून टक्के काढायचे. एकसष्ट. सदुसष्ट. बहात्तर! "प्रगती समाधानकारक," असा शेरासुद्धा मारायचे. चाळीस वर्षांची सवय, जाते कुठे?

गुरुवारी हेडसरांची पाचवी परीक्षा होती. आमच्याकडच्या आरटीओ इन्स्पेक्टर साहेबांचे दात मी बारा वर्षांत पाहिलेले नाहीत. ते हेडसरांच्या शेजारी बसले, मी मैदानाच्या कडेला उभी. गाडी निघाली बरी. मग साहेब काहीतरी म्हणाले, हेडसर गांगरले, आणि गांगरल्यावर त्यांना वही आठवली. गाडीने पुढे उडी मारली. गचकन थांबली. पुन्हा उडी मारली. वायपर सुरू झाले. उघड्या खिडकीतून गाणं ऐकू यायला लागलं, आणि सरांची दोन बोटं वर!

"काका, ही बोटं कसली?" साहेब ओरडले.

"ती ऐच्छिक आहेत," हेडसर म्हणाले.

साहेब गाडीतून उतरले ते सरांची वही घेऊनच. उन्हात उभं राहून त्यांनी ती शिंकेसकट वाचून काढली.

"मॅडम, हे तुमच्याकडे शिकवतात?"

"म्हणजे... तसं..."

"शनिवारी चार वाजता वर्ग तपासायला येतो. तुम्ही हजर राहा, हे गृहस्थही पाहिजेत. तपासणी संपेपर्यंत कोणी हलायचं नाही."

शनिवारी पाच वाजता वन्संकडे पार्टी!

शनिवारी साहेब चारच्या ठोक्याला आले. बाण फूटपट्टीने मोजले. पाटीचा फोटो काढला. मोबाइलवरचं गाणं अथपासून इतिपर्यंत दोनदा ऐकलं. साडेचार झाले, पावणेपाच झाले. तेवढ्यात लेकीचा मेसेज आला, 'आई, येतेयस ना? नाहीतर मी आत्याबरोबर खेळते.' मग मात्र मला राहवेना.

"साहेब, हा ड्रायव्हिंगचा व्यायाम नाही," मी म्हटलं. "नाचाचा खेळ आहे. माझ्या लेकीला माझी लाज वाटते, म्हणून मी इथे चोरून शिकत होते. हेडसरांनी पाहिलं आणि मला खरं सांगायची लाज वाटली. झालं! लिहा काय लिहायचं ते!"

"म्हणजे... परीक्षेला नाही?" हेडसर खुर्चीत मटकन बसले.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "नाचाचा खेळ ड्रायव्हिंग स्कूलमध्ये? मी कशावरून विश्वास ठेवू?"

"माझ्याबरोबर चला! पाच वाजता प्रत्यक्ष बघा!"

मग काय, डोक्यावर भलीमोठी पाटी मिरवणाऱ्या आमच्या गाडीतून तिघे निघालो. मला लेकीला मेसेज पाठवायचा होता, म्हणून चालवायला हेडसर, शेजारी मी, मागे साहेब. आणि काय सांगू! हेडसर इतके खट्टू झाले होते की पायांचा विचारच विसरले. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मागून साहेब हळूच म्हणाले, "काका, आज बरी चालवलीत."

वन्संनी दार उघडलं. "वहिनी, अहो किती उशीर! आणि हे कोण?"

"तपासणीला आलेत."

"कसली तपासणी?"

"माझी!"

बैठकीच्या खोलीत पंचवीस माणसं. कोपऱ्यात लेकीच्या मैत्रिणी. लेकीने आधी मला पाहिलं, मग वहीवाले हेडसर पाहिले, मग फाईलवाले साहेब पाहिले, आणि तिचे कान लाल झाले. "आई, प्लीज..." एवढंच म्हणाली. पण मॅटवर येऊन उभी राहिली. करार म्हणजे करार! वन्संनी केक उचलून लांबच्या टेबलावर ठेवला आणि स्वतः टीव्हीजवळ उभ्या राहिल्या. मग काय वाटलं कोण जाणे, जाऊन केक परत आणला आणि हाताशीच ठेवला.

गाणं सुरू झालं. पुढे, पुढे, डावीकडे, मागे! ब्रेकचा पाय शहाण्या मुलासारखा वागत होता. टीव्हीच्या कोपऱ्यात आम्हा दोघींचे मिळून टक्के चढत होते. अडुसष्ट. सत्तर. हेडसर मोठ्याने आकडे वाचत होते. त्र्याहत्तर! लेकीच्या मैत्रिणी टाळ्या वाजवायला लागल्या. मी दोन बोटंही वर केली, ऐच्छिक!

"आई, जमतंय गं तुला!" लेक खिदळत ओरडली. शहात्तर!

शहात्तर! आणि गाणं संपायला दहा-बारा सेकंद राहिले होते. पण लेक टीव्हीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होती. तिच्या पायात मोजे होते. मॅट सरकली आणि ती तोंडावर निघाली, समोर टीव्हीखालचं काचेचं टेबल!

माझा उजवा पाय गचकन खाली गेला. मॅटवर कसला आलाय ब्रेक! पण त्याबरोबर डावा हातही आडवा झाला, सीटबेल्टसारखा. लेक त्या हातावर लोंबकळत राहिली, तिचं नाक काचेपासून वीतभर लांब. टीव्हीवर बाणांची रांगच्या रांग वर जात होती आणि दाबायला कोणी नव्हतं. गाणं संपलं.

चौऱ्याहत्तर.

तीन आठवडे, चार रिळं चिकटपट्टी, आणि दीड-दोन टक्क्यांसाठी सगळं पाण्यात! हेडसरांनी लाल पेन उघडलं, पण शेरा काही लिहिला नाही.

"ब्रेक वेळेवर लागला," साहेब म्हणाले आणि फाईलमध्ये तसं लिहिलं. मग वर पाहिलं. काय सांगू तुम्हाला, दात होते त्यांना! अगदी छान होते! "मॅट मोकळी आहे का?" त्यांनी बूट काढले. "फक्त तपासणी पूर्ण करण्यासाठी." त्यांना एक्क्याण्णव टक्के पडले, आणि मग त्यांना मॅटवरून उतरवता उतरवता वन्संच्या नाकी नऊ आले.

मी बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने लेक केकची बशी घेऊन आली.

"करार म्हणजे करार," मी म्हटलं. "पुढच्या वर्षीपासून आत्या."

ती खांदा चोळत होती, जिथे माझा हात लागला होता तिथे. "आत्या टीव्हीपाशीच उभी होती ना?"

"हो. मग?"

"मी पडले तेव्हा तिने आधी केक धरला."

मी आत वन्संकडे एकदा बघून घेतलं.

"पुढच्या वर्षीही तूच," लेक म्हणाली आणि बशी माझ्या हातात दिली. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात तिने वाक्य पुरं केलं. "फक्त आई, तू नाचू नकोस हं. नाचायला मी त्या इन्स्पेक्टर काकांना विचारलंय. तू आपली शेजारी बस. ब्रेकवर पाय ठेवून."

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने विचारलंच, "काय बाई, जिंकलात का?"

मी म्हटलं, "भाऊ, पातेल्याकडे बघा, दूध सांडेल."