घरच्या तेलातली बाई

"चित्र काढणं म्हणजे काय मोठं! ऑलिव्हची छाटणी जमते त्याला काहीही जमतं!" इटलीतल्या लुक्का शहराजवळच्या आपल्या गावात एर्मेतेने चारचौघांत ठणकावून सांगितलं. करतो काय बिचारा! लग्नात त्याने नोरिनाला शब्द दिला होता, तुझं तैलचित्र जेवणाच्या खोलीत लावीन म्हणून. जानेवारीत लग्नाला पन्नास वर्षं होणार होती आणि भिंतीवर अजून नुसता खिळा होता!

चित्रकला शिकवणाऱ्या इल्देबाईंनी आधी एका जुन्या उस्तादाच्या चित्रातली बाई उतरवायला दिली. उंच कपाळ, लांब मान, नाक असं सरळ!

"हिच्यावर हात बसला की मग नोरिनाकाकू," बाई म्हणाल्या. "आणि रंगात हे जवसाचं तेल घाला."

"जवसाचं? घरी माझ्या झाडांचं तेल असताना मी विकतचं वापरू? माझे वडील थडग्यातून उठून येतील!"

"काका, ऑलिव्हचं तेल वाळत नाही हो!"

पण ऐकतो कोण! बाईंची पाठ वळली की हा खिशातली बाटली काढायचा आणि सॅलडवर ओततात तसं सढळ हाताने ओतायचा.

हात बसता बसता जानेवारी उजाडला. नोरिनाचं चित्र राहिलंच! शेवटी एर्मेतेने उस्तादाच्या बाईलाच नोरिनाची पोवळ्याची कर्णफुलं रंगवली आणि रविवारी सकाळी, पन्नाशीच्या जेवणाला पाहुणे यायच्या आत, तिला खिळ्यावर टांगलं. खाली शेगडी धगधगत होती.

सूप येईपर्यंत सगळं ठीक होतं. पास्ता आला तेव्हा बाईचे डोळे खाली उतरले होते. सशाचं मटण आलं आणि तिला दुसरी हनुवटी फुटली! पाहुण्यांचे काटे हवेतच थांबले. एर्मेतेला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं!

नोरिना उठली, चित्राजवळ गेली आणि तिने वास घेतला.

"हे तर आपलं तेल! चांगल्यातल्या बाटल्या तू ढापल्यास होय रे? आणि मी तुझ्या भावाशी महिनाभर अबोला धरलाय!"

टेबलाच्या टोकाला भाऊ खाकरला.

"नोरिना, ही तू नाहीसच गं," एर्मेते म्हणाला. "तुझं जमलंच नाही मला. आणि होतं तेही नासवलं मी."

नोरिनाने चित्र निरखून पाहिलं. ओघळलेले गाल, जड झालेल्या पापण्या, तीच कर्णफुलं.

"सकाळी नव्हते," ती म्हणाली. "आता मीच आहे! पन्नास वर्षांत मीही अशीच घसरत आलेय की, म्हाताऱ्या!" आणि तिने सगळ्यांदेखत त्याच्या टकलाचा मुका घेतला.

चित्र अजून वाळलेलं नाही. रोज सकाळी एर्मेते अंगठ्याने त्या बाईची हनुवटी हळूच वर सरकवतो. मागे नोरिना कॉफीचा कप घेऊन उभी असते.

"तिचं झालं की," ती म्हणते, "इकडेही बघ जरा!"